एकशे अडुसष्ट तासांतली घट

परवा आमच्या भुसार मालाच्या दुकानातलं धान्याचा ओलावा मोजायचं यंत्र खोक्यातून बाहेर निघालं. यजमानांनी त्यातले जुने सेल काढून नवे घातले, फडक्यानं काच पुसली आणि पहिल्या पोत्यातले मूठभर दाणे आत टाकले. टीक असा बारीक आवाज आला. आमच्या घरात सोयाबीनचा हंगाम या आवाजानं सुरू होतो. मग दीड-दोन महिने घाटनांदूरच्या कुठल्याही रस्त्यानं जा, मळणी यंत्राची घरघर कानात आणि पिवळट भुसा हवेत. ओट्यावर, गच्चीवर, डांबरी रस्त्याच्या कडेला दाणे वाळत पडलेले असतात. भुसा पदराला चिकटतो, चहावर तरंगतो, उशीच्या खोळीत सापडतो.

माझ्या भूगोलाच्या वहीत मागच्या वर्षीचा भुसा अजून आहे. समोच्च रेषांच्या पानावर शिवणीत अडकलेला. वही झटकली तरी तो जात नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती फार जोरात झटकतही नाही.

मी आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय चव्वेचाळीस. मागच्या वर्षी याच दिवसांत पहिल्या वर्षाला होते, आणि दुसऱ्या वर्षाचं तोंड बघायला मिळेल की नाही हे एका हजेरीवर येऊन थांबलं होतं.

बारावीचा निकाल लागला तेव्हा माझं लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. गुणपत्रिका भावानं केजहून आणून दिली. ती मी साड्यांच्या तळाशी ठेवली. वर्षातून एकदा साड्या उन्हात घालताना ती हातात यायची, मी टक्के वाचायची, एकसष्ट, आणि परत खाली सारायची. अशी चोवीस वर्षं. मुलगी लातूरला शिकायला गेली त्या वर्षी साड्या उन्हात घातल्या, गुणपत्रिका मात्र परत खाली ठेवली नाही. अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रवेशाला गेले. शिक्षणात खंड पडला असेल तर प्रतिज्ञापत्र लागतं. खंडाचं कारण लिहायच्या जागी मी ‘संसार’ लिहिलं. कारकून म्हणाला, “बाई, असं कुणी लिहीत न्हाई.” मी म्हटलं, “मग काय लिहितात?” त्यानं थोडा विचार केला आणि शिक्का मारला.

घरी यजमानांनी नाही म्हटलं नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, “लेक तिकडं, आय इकडं. आता दोघी मिळून एकच वही घ्या, तेवढीच बचत.” मला ते लागलं. मी म्हटलं, “आत्याबाई, पहिल्या सत्राच्या परीक्षेला मला बसू दिलं नाही, तर पुन्हा कॉलेजचं नाव काढणार नाही.” त्यांनी मान वर केली. “बोललीस हं.” “बोलले.” आमच्या घरात बोललेलं मोजलेल्या पोत्यासारखं असतं. ते परत उघडत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात कॉलेजनं विषयांचा कागद दिला. बावीस क्रेडिट. भूगोल मुख्य, त्याचं प्रात्यक्षिक, जोडीला अर्थशास्त्र, मराठी, इंग्रजी, पर्यावरण, आणखी एक कौशल्याचा विषय. वर्गातल्या मुलांनी तो कागद घडी घालून खिशात कोंबला. मी मांडणी केली. तासिकेच्या एका क्रेडिटला आठवड्याला एक तास, प्रात्यक्षिकाच्या एकाला दोन. अठरा क्रेडिट तासिकांचे, चार प्रात्यक्षिकांचे. अठरा आणि आठ, सव्वीस तास.

मग आठवडा समोर घेतला. एकशे अडुसष्ट तास. झोप एकोणपन्नास. कॉलेज सव्वीस. जाणं-येणं बारा. स्वयंपाक, धुणं, झाडलोट पस्तीस. आंघोळ आणि पूजा सात. हंगामात दुपारी दुकानात बसून पोत्यापोत्याचा ओलावा मी मोजते, त्याचे रोजचे तीन म्हणजे एकवीस. हे सगळं वजा जाता उरले अठरा, ते अभ्यासाला. बेरीज केली, पुन्हा उलटी केली. बरोबर एकशे अडुसष्ट. इतका निखळ आनंद मला त्या आधी बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. कागद पिठाच्या डब्यावरच्या भिंतीला चिकटवला.

यजमानांनी तो हात पाठीमागे बांधून वाचला, जसे ते बाजार समितीतला फळा वाचतात. “बेरीज बरोबर हाय,” म्हणाले. मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला आणि ते गेले.

त्या दिवसांतल्या सकाळी आठवल्या की आधी आठवतो बसचा थंड दांडा. सातची बस सातला सुटली तर आठच्या तासिकेला मी आठला पाच कमी असताना वर्गात असायची. हे गणित कागदावर पक्कं होतं. पण कधी वाहक उतरून चहाला जायचा. कधी नळ यायचा. आमच्याकडे तो आठ-दहा दिवसांनी येतो आणि आला की घरातल्या प्रत्येक भांड्याला तोंड फुटतं. कधी आत्याबाईंचा गुडघा धरायचा, तेल गरम करावं लागायचं. कधी गॅसची टाकी नेमकी दुसऱ्या भाकरीला संपायची. ही सगळी पाच-सात मिनिटांची कामं. एकेकटं धरलं तर नाव घेण्यासारखं एकही नाही.

भूगोलाच्या मॅडम माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, आणि घड्याळाच्या पक्क्या. आठच्या ठोक्याला मान खाली घालून हजेरीचे क्रमांक वाचायच्या. माझा क्रमांक सत्तावन्न. अनेकदा मी जिना चढत असतानाच वरून “सत्तावन्न” ऐकू यायचं, मग थोडी शांतता, मग “अठ्ठावन्न”. धापा टाकत मी दारात उभी राहायची. मॅडम आत घ्यायच्या, पण हजेरी परत उघडायच्या नाहीत. मला त्यांचा राग येत नसे. पोतं शिवल्यावर आणखी दोन ओंजळी घ्या म्हणणाऱ्याला आम्ही तरी कुठे घेतो.

शेजारी सारिका बसायची. अठरा वर्षांची, मेंढपाळाच्या घरची. तिचे आईवडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, आणि ती अंबाजोगाईत मावशीकडे राहते. ती मला पहिल्या दिवशी ‘मॅडम’ म्हणाली, दुसऱ्या दिवशी ‘मावशी’ आणि तिसऱ्या दिवसापासून ‘काकू’. माझ्या वहीतला भुसा फुंकून म्हणायची, “काकू, तुमच्या भारताच्या नकाशात वाळवंट लई वाढलंय.” डोंगराचा आकार रेषांवरून ओळखायला मला दोन आठवडे लागले. तिनं बघितल्याबरोबर सांगितलं, “हितं चढ हाय, हितून मेंढरं चढणार न्हाईत.” ती नकाशा पायांनी वाचायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी फलकावर यादी लागली. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलेले क्रमांक. असेच राहिले तर परीक्षेला बसता येणार नाही, अशी खाली ओळ. भूगोलासमोर सत्तावन्न होता.

माझ्या पिशवीत एक छोटी डायरी असते. तिच्यात मी वर्गात पोहोचले की उभी रेघ ओढत होते, आणि हजेरी लागली असेल तरच तिच्यावर आडवी. कॉलेजच्या पायरीवर बसून मोजल्या. झालेल्या तासिका चाळीस. उभ्या रेघा सदतीस. आडव्या पंचवीस. म्हणजे बारा तासिकांना मी वर्गात होते, मॅडमचा शब्द न् शब्द वहीत उतरवला होता, आणि तरीही नव्हते. सत्रात एकूण साठ तासिका. साठाचे पंचाहत्तर टक्के पंचेचाळीस. उरलेल्या वीस. पंचवीस अधिक वीस, पंचेचाळीस. एकही चुकवायची सोय नव्हती.

घरी आले तेव्हा दुकानात दोघंच होते, यजमान आणि आत्याबाई. मी काही लपवलं नाही, सरळ आकडे सांगितले. यजमान बराच वेळ हातातले दाणे या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या त्या कागदात मला पहिल्याच दिवशी एक खोट दिसली होती.”

“मग सांगितली कावून न्हाई?” घरात बोलताना माझी भाषाही घरचीच होते.

“तू इच्यारलं न्हाईस. आन् बेरीज इतकी छान जमली होती, मोडू वाटंना.”

“कोणती खोट?”

“घट धरली न्हाईस.”

आज शंभर किलो भरलेलं पोतं महिन्या-दीड महिन्यानं साडेअठ्ठ्याण्णव भरतं. दाणे कुणी नेलेले नसतात. ते वाळतात, फुटतात, चाळताना माती खाली गळते. भुसार मालाच्या दुकानात हे पहिल्या दिवशी शिकवतात की घट धरल्याशिवाय माल घेऊ नये. चोवीस वर्षं मी हे बघत आले, दर हंगामात स्वतःच्या हातानं ओलावा मोजला, आणि तासांचं पोतं मात्र काठोकाठ भरून शिवून टाकलं. चूक व्हायची तर आमच्याच घरात अशी व्हावी, याची मला फार लाज वाटली.

“वीसच्या वीस भरीन,” मी म्हटलं.

“घट?” यजमान म्हणाले.

एकशे अडुसष्टातून कुठूनतरी काढणं भाग होतं. झोपेतून काढून बघितली होती, ती वर्गात परत वसूल व्हायची.

तेव्हा आत्याबाई बोलल्या. “ती डबी दे इकडं.” डबी म्हणजे ओलाव्याचं यंत्र. “दुपारी मी बसते. हिला मोकळी कर.”

“आई, तुला त्यातलं आकडं दिसतील का?” यजमान हसले.

आत्याबाईंनी समोरच्या पोत्यातला एक दाणा उचलला आणि दाढेखाली धरला. कट्ट आवाज आला. “अकरा,” म्हणाल्या. यजमानांनी त्याच पोत्यातले दाणे यंत्रात टाकले. अकरा पॉइंट चार टक्के. “ते पॉइंट मशीनचं मशीनपाशी ऱ्हाऊ दे,” आत्याबाई म्हणाल्या. “तुझ्या बापाच्या टायमाला डबी नव्हती, दात होते.”

दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानात बसायला लागल्या. यंत्र समोर, पण आधी दात, मग यंत्र. माल घेऊन येणारे लोक मुद्दाम म्हणायचे, “आजी, जरा हळू चावा, ओलावा हलका निघू द्या.” त्या म्हणायच्या, “वाळवून आण, मग गोड चावते.”

माझे एकवीस तास सुटले. पहाटेचा अभ्यास दुपारी आला, पहाट स्वयंपाकाला मिळाली, आणि मी सातची बस सोडून सहा दहाची धरू लागले. सहा दहाच्या बसमध्ये दूधवाले असतात, दोन परिचारिका आणि काचेला डोकं टेकून झोपलेली अकरावीची मुलं. बाहेर कापलेली रानं, त्यांच्यावर धुकं आणि मध्येच एखादी न कापलेली पट्टी. मी सात-सव्वासातला वर्गात पोहोचायची आणि रिकाम्या बाकांमध्ये बसून आदल्या दिवसाचं वाचायची. ती पाऊण तासाची शांतता माझ्या कुठल्याच कागदात नव्हती. एक, दोन, तीन, आठ, अकरा. डायरीत आडव्या रेघा पडत गेल्या.

कार्तिकात कपिलधारला जाणारी दिंडी आमच्या गावातून जाते, आणि तिची एक पंगत पिढ्यान् पिढ्या आमच्या घरी असते. पहिलं वाढणं सुनेच्या हातचं. नेमकी त्या दिवशी भूगोलाची तासिका. मी आत्याबाईंना सांगितलं. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दळणाचा डबा भरताना म्हणाल्या, “पिठलं पहाटं तू टाक. वाढायचं माझ्यावर.” दुपारी मी परतले तेव्हा पत्रावळी उचलून झाल्या होत्या. शेजारीण मला बाजूला घेऊन सांगत होती. दिंडीतल्या एका बाईनं विचारलं होतं, सून दिसत नाही ती? त्यावर आत्याबाईंचं उत्तर, “तिची हजेरी तिकडं लागती. हितं माझी लागली की झालं.”

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

उरलेल्या वीसांतली सतरावी तासिका होती त्या दिवशी उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली. दोन्ही बाजूंनी गाड्या, रस्ताभर ऊस. सहा दहाच्या बसला माझी पन्नास मिनिटांची घट धरलेली होती, ट्रॉलीनं पावणेदोन तास घेतले. मी उतरून चालायला लागले, मग एका जीपमध्ये बसले, आणि नऊला पाच कमी असताना वर्गाच्या दारात पोहोचले तेव्हा मॅडम फळा पुसत होत्या. पंचेचाळीसचे चव्वेचाळीस झाले होते. बाकावर बसले तेव्हा आत्याबाईंचं ते “बोललीस हं” कानात होतं.

सारिकानं वही तोंडासमोर धरून सांगितलं, “काकू, घाबरू नका. मी मारली तुमची.”

“काय मारलीस?”

“हजेरी. मॅडम कुठं वर बघतात? आवाज थोडा जाड केला.” ती खूष होती. तिनं मला वाचवलं होतं, आणि तिच्या बाजूनं ते खरंच होतं.

घरी जाताना बसमध्ये मी डायरी उघडली. रेघ ओढायला पेन टेकवलं आणि तसंच परत काढलं. मॅडमच्या वहीत लागलेली हजेरी माझ्या वहीत लागेना.

दुसऱ्या दिवशी सारिकाला म्हटलं, “मी मॅडमला सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही.”

तिचा चेहरा उतरला. “काकू, एक मेंढरू जास्त मोजलं तर कुणाचं काय जातंय?”

“संध्याकाळी कोंडताना मोजतेस तेव्हा तसं धरतेस का?”

ती बराच वेळ बाकावरचं लाकूड नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, “तुमचा काटा लई कडक हाय बघा,” आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मॅडम विभागात एकट्याच होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, “त्या दिवशी मी रस्त्यात अडकले होते. सत्तावन्नची हजेरी लागलीय, ती माझी नाही. कुणी दिली ते विचारू नका, मी सांगणार नाही. पण मी नव्हते.”

त्यांनी हजेरीची वही काढली, बोट फिरवलं. “ही खोडली तर तुमचे किती होतील माहीत आहे?”

“राहिलेल्या तिन्ही भरल्या तर साठापैकी चव्वेचाळीस. त्र्याहत्तर पूर्णांक तेहतीस.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “मृदेचं प्रकरण माझं तसंही राहतंय. एक जादा तास घेते, सगळ्यांसाठी. त्याची हजेरी रीतसर धरू. मग बसेल ना?”

मी डायरीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. “नाही मॅडम. एकसष्टचे पंचाहत्तर टक्के पावणेसेहेचाळीस. माझे पंचेचाळीस होतात.”

“मग दोन घेऊ.”

“दोनानंही नाही. तीनानंही नाही. चार लागतात. चौसष्टात अठ्ठेचाळीस, तिथं बरोबर पंचाहत्तर.”

त्या हसल्या. पूर्ण सत्रात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. “मृदेला खरोखर चारच तास लागतात,” म्हणाल्या. “पण आठच्या ठोक्याला हजेरी. आणि इथून पुढे मी वर बघून घेणार.” त्यांनी माझ्यासमोर ती एक खूण खोडली, शेजारी सही केली. वही मिटताना म्हणाल्या, “तुम्ही आधी कधी सांगितलं नाहीत, बस उशिरा येते म्हणून.” मी म्हटलं, “बस माझी होती मॅडम, वर्ग तुमचा.”

राहिलेल्या तीन तासिका झाल्या. जादाचे तीन तास झाले. काळी माती, तिच्या भेगा, ती पाणी किती धरते आणि किती सोडते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पायाला तीच माती होती, मॅडम तिचं शास्त्र सांगत होत्या आणि मुलं हळूच एकमेकांना आपापली रानं सांगत होती. सारिकाचा राग दुसऱ्या तासाला संपला. “काकू, चौथ्या दिवशी पुन्हा ट्रॉली आली तर?” तिनंच विचारलं.

“त्याचाच विचार करतेय.”

“मावशीकडं या मुक्कामाला. कॉलेज पाच मिनिटं.”

चौथ्या तासाच्या आदल्या संध्याकाळी मी पिशवीत एक साडी, वही आणि आत्याबाईंनी बांधून दिलेले धपाटे घेऊन अंबाजोगाईला गेले. संसारात पहिल्यांदा मी मुक्कामाला बाहेर राहिले ते लग्नाला नाही, दुखण्याला नाही, एका तासिकेला. यजमान बसपर्यंत आले होते. “धरलीस एकदाची,” म्हणाले. काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

सकाळी आठला मॅडमनी वही उघडली. एकेक क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांकाला मान वर. छप्पन्न. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“सत्तावन्न.”

“यस मॅडम.”

सारिका कुजबुजली, “झालं का पंचाहत्तर?”

“झालं.”

“पॉइंट?”

“पॉइंट शून्य.”

परीक्षेला बसले. भूगोलात मृदेवर प्रश्न आला, तो सोडवला. निकालाचे आकडे सांगण्यासारखे आहेत पण ते इथं नकोत.

यंदा पिठाच्या डब्यावर नवा कागद आहे. विषय वाढलेत, प्रात्यक्षिकं दुपारची आहेत. शेवटच्या ओळीत दहा तास आहेत आणि त्यांच्यासमोर काही लिहिलेलं नाही. यजमान हात पाठीमागे बांधून वाचून गेले, या वेळी तोंड उघडलं नाही.

परवा यंत्राची पहिली टीक झाली तेव्हा मी पिशवी खांद्याला लावून दुकानातूनच जात होते. आत्याबाई आपल्या जागेवर बसलेल्या. त्यांनी एक दाणा दाढेखाली धरला. “बारा,” म्हणाल्या. काचेत आकडा आला बारा पॉइंट एक. त्यांनी आकड्याकडे बघितलंही नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“तुझी बस?”

“अजून चाळीस मिनिटं आहेत, आत्याबाई.”

“मग आत्ताच नीघ.”